पडद्यावरील खेळ आणि खेळणाऱ्याचें मन

परभणी, गंगाखेड, जिंतूर येथें घरोघरीं मुलें मोबाइलवर खेळतात; हरतांच रडतात, आणि लागलींच पुन्हा खेळावयास बसतात. हें कां?

मोक्षपटांत फांशाप्रमाणें शिडी वा सर्प. तेथील हार दैवाची. मॉस्कोंत १९८४ सालीं पाजितनोव्ह यांनीं रचलेल्या ‘टेट्रिस’मध्यें ठोकळा दैवाचा, पण त्याची मांडणी खेळणाऱ्याची, शिवाय वेग वाढतच जातो. हार स्वतःची, म्हणून ती झोंबते. सुधारतां येईलशी वाटते, म्हणून डाव सुटत नाहीं.

मानसशास्त्रज्ञ चिक्सेंटमिहाय यांच्या मतें आव्हान कौशल्याहून फार मोठें झाल्यास चिंता, फार लहान झाल्यास कंटाळा. दोन्ही तुल्यबळ असतां देहभान हरपतें.

अशा वेळीं हांकेस ओ न देणारें मूल उद्धट नसतें. पालकांनीं मोबाइल हिसकावूं नये. डाव संपतांच उठण्याचा करार आधींच करावा.