ड्रॅगनचं नाणं आणि अभावाची किंमत

गेल्या वेळी आपण 'किंमत' आणि 'मूल्य' या दोन शब्दांतला फरक पाहिला. आज तोच धागा पुढे न्यायचा आहे, पण नुसत्या व्याख्या करत बसण्यापेक्षा एक वस्तू समोर ठेवू या. वस्तू साधी आहे: चांदीचं एक नाणं.

ऑस्ट्रेलियात पर्थ शहरी एक जुनी टांकसाळ आहे. १८९९ साली लंडनच्या रॉयल मिंटची शाखा म्हणून ती सुरू झाली; आज ती पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्य सरकारच्या मालकीची आहे. ही टांकसाळ चिनी राशिचक्रातल्या बारा प्राण्यांवर नाण्यांची मालिका काढते. २०२४ हे ड्रॅगनचं वर्ष. त्या वर्षाचं एक औंसाचं चांदीचं साधं नाणं जास्तीत जास्त ३ लाख काढू, असं टांकसाळीने जाहीर केलं. औंस म्हणजे ट्रॉय औंस, सुमारे ३१.१ ग्रॅम. चांदी ९९.९९ टक्के शुद्ध. नाण्यावर मूल्य कोरलेलं आहे १ डॉलर.

आता गंमत बघा. या नाण्याला एकाच वेळी तीन किमती आहेत. पहिली कायद्याची: १ ऑस्ट्रेलियन डॉलर. दुसरी धातूची: त्यातल्या चांदीचा त्या दिवसाचा भाव, जो एका डॉलरच्या कित्येक पट भरतो. तिसरी संग्राहकाची: धातूच्या भावाच्याही वर जे काही तो मोजतो ते. ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या भागात पायातल्या जोड्याचं उदाहरण दिलं आहे. जोड्याचे उपयोग दोन: तो पायात घालता येतो किंवा देऊन दुसरं काही घेता येतं. आपलं नाणं मात्र कोणी दुकानात एका डॉलरला देणार नाही आणि सहसा वितळवणारही नाही. ते डबीतच राहणार. मग धातूच्या वरची ती जी रक्कम आहे, ती आपण नेमकी कशासाठी मोजतो?

'दुर्मीळ आहे म्हणून,' असं उत्तर लगेच येतं. पण काय दुर्मीळ आहे? चांदी? ३ लाख नाण्यांना सव्वानऊ टनांहून थोडी जास्त चांदी लागते. जगभरच्या खाणींतून वर्षाला सुमारे २५ हजार टन चांदी निघते. म्हणजे चांदी काही दुर्मीळ नाही. ड्रॅगनचं चित्र? तेही नाही, ते पतंगापासून चहाच्या डब्यापर्यंत सगळीकडे आहे. दुर्मीळ आहे तो एक 'नाही'. तीन लाखांनंतरचं नाणं निघणार नाही, हा जो नकार आहे, त्याचे पैसे आपण देतो.

नकाराला पैसे? ऐकायला विचित्र वाटतं, पण आपल्या परंपरेला हे नवं नाही. वैशेषिकांनी आधी सहा पदार्थ मानले होते. पुढे न्याय-वैशेषिक परंपरेत सातवा मान्य झाला, तो 'अभाव'. 'जमिनीवर घडा नाही' असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला काहीतरी खरं कळलेलं असतं. त्या 'नसण्या'लाही त्यांनी विश्वाच्या यादीत जागा दिली आणि त्याचे चार प्रकार सांगितले. हे चारही प्रकार आपल्याला या एका नाण्याच्या आधाराने समजून घेता येतात.

नाण्याच्या एका बाजूला राणी एलिझाबेथ आहे आणि तिच्या कारकिर्दीची वर्षं आहेत: १९५२ ते २०२२. होती, आता नाही. घडा फुटल्यानंतर जे नसणं उरतं, तो प्रध्वंसाभाव. दुसऱ्या बाजूला ड्रॅगन. चिनी परंपरेत त्याचं वर्णन असं करतात: शिंगं हरणाची, खवले माशाचे, नख्या गरुडाच्या, पंजे वाघाचे. म्हणजे आपल्याकडच्या सशाच्या शिंगासारखंच झालं. ससा आहे, शिंगही जगात आहे. सशाच्या ठायी शिंग मात्र कधी नव्हतं, नाही आणि नसेल. ड्रॅगनचा एकेक अवयव खरा, ते सगळे एका देहात कधीच नाहीत. हा अत्यंताभाव. बारा प्राण्यांत असा काल्पनिक प्राणी हा एकच, आणि मान सर्वांत मोठा त्यालाच!

तिसरा प्रागभाव: घडा घडण्यापूर्वीचं त्याचं नसणं. पुढचं ड्रॅगनवर्ष २०३६ मध्ये येणार आहे. तेव्हा नवं ड्रॅगनचं नाणं निघालं, तर त्याचं आजचं नसणं हा प्रागभाव ठरेल. चौथा अन्योन्याभाव: घडा म्हणजे कापड नव्हे. हा संग्राहकाने नीट ध्यानात घ्यावा. तीन लाखांची मर्यादा ही एक औंसाच्या साध्या नाण्याची आहे. एकाच विषयावर अशा टांकसाळी अर्ध्या औंसाचं, किलोचं, रंगीत, आरशासारख्या झिलईचं अशी वेगवेगळी नाणी काढतात आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते. 'मर्यादित आवृत्ती' असं वाचलं, की आधी विचारावं: मर्यादा नेमकी कशाची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तीन लाखांनंतरच्या त्या न निघालेल्या नाण्याचं नसणं कोणत्या प्रकारचं? प्रागभाव म्हणता येत नाही, कारण प्रागभाव वस्तू निर्माण झाली की संपतो आणि इथे तर वस्तू निर्माणच व्हायची नाही. सशाच्या शिंगासारखं ते अशक्यही नाही. साचा आहे, चांदी आहे, यंत्र आहे, मनात आणलं तर दहा मिनिटांत नाणं पडेल. म्हणजे या अभावाचा आधार वस्तूत नाही. तो एका शब्दात आहे: 'आम्ही काढणार नाही.'

आणि तो अभाव आपल्याला कळतो कसा? जमिनीवर घडा नाही हे डोळ्यांना दिसतं. पण जगात कुठेही जास्तीचं नाणं नाही, हे कोण पाहून आलं आहे? इथे प्रत्यक्ष प्रमाण लंगडं पडतं. अनुमानही फारसं चालत नाही. उरतं ते शब्दप्रमाण. नैयायिक म्हणतात, शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तर. म्हणजे ज्याला खरं माहीत आहे आणि जो खरं तेच सांगतो अशाचा. म्हणून नाणं कोणी काढलं, हा प्रश्न नाणं किती सुंदर आहे याच्या आधी येतो. हाच ड्रॅगन कोरलेली चांदीची चकती कोणीही बनवू शकतो. आपल्याकडे धनत्रयोदशीला घेतात ती लक्ष्मीचं चित्र असलेली 'नाणी' कायद्याने चलन नसतातच. त्यात वाईट काही नाही, फक्त आपण काय घेतलं ते माहीत असावं.

आपले एक श्रोते निवृत्तिवेतनावर राहतात. त्यांनी विचारलं, 'मेलबर्नला नात झाली, ड्रॅगनच्या वर्षात. तिच्यासाठी दहा नाणी घेऊन ठेवू का? पुढे शिक्षणाला होतील.' प्रश्न कळकळीचा आहे, त्यात त्यांची शिल्लक गुंतणार आहे, म्हणून स्पष्ट बोलू.

एक: चिनी वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ते ड्रॅगनवर्ष १० फेब्रुवारी २०२४ ते २८ जानेवारी २०२५ असं होतं. नात २०२४ च्या जानेवारीतली असेल, तर ती सशाच्या वर्षातली. आपलं संवत्सर पाडव्याला बदलतं, तसंच हे. दोन: मर्यादा पुरवठ्याला असते, मागणीला नसते. नाणी तीन लाखच राहतील, हा शब्द टांकसाळ पाळू शकते. वीस वर्षांनी ती कोणाला हवी असतील, असा शब्द मात्र कोणीच देऊ शकत नाही. तीन: विकायला गेल्यावर चांदीचा भाव मिळण्याची शक्यता पुष्कळ, वरची रक्कम मिळेलच असं नाही. तेव्हा शिक्षणाच्या पैशाला वेगळी, साधी वाट बघावी, आणि नातीला एक नाणं द्यावं. दहा नकोत. एक नाणं भेट असते, दहांचा व्यवहार होतो, आणि व्यवहाराला व्यवहाराचे प्रश्न विचारावे लागतात.

या सगळ्यात संग्राहकाला हसण्याचा आपला हेतू नाही. कागदी नोट काय, बँकेतली ठेव काय, दिलेला शब्द पाळला जाईल या भरवशावरच आपण रोज जगतो. हे नाणं फक्त तो भरवसा सुटा करून, तोलून मापून हातात देतं. फरक एवढाच करायचा: धातूचे किती, कारागिरीचे किती आणि शब्दाचे किती, हा हिशेब घेण्यापूर्वी मांडायचा. तो मांडूनही घ्यावंसं वाटलं, तर आनंदाने घ्यावं.

पुढच्या वेळी आपण 'वचन' याच विषयाकडे वळू: दिलेला शब्द बंधनकारक का होतो? तोवर आपले प्रश्न लिहून ठेवा.