पूर आला आणि नळ आटला

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही त्याच दिवशी फुटले आणि मुठेकाठचे पुणे पाण्याखाली गेले. पूर ओसरल्यावर पुणेकरांपुढे उभे राहिले ते पाण्याचेच दुर्भिक्ष. शहराला पाणी खडकवासल्याहून येत असे आणि ते धरणच उरले नव्हते. त्यामुळे नदीपासून दूरच्या, पूर न पोहोचलेल्या घरांपुढेही पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी जुन्या वाड्यांतले आड आणि विहिरी उपयोगी आल्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात हेच निराळ्या रीतीने घडले. पंचगंगेकाठची पाणी उपसा केंद्रे पुरात बुडाली. रस्त्यावर छातीभर पाणी आणि घरातला नळ कोरडा, अशी अवस्था झाली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा उपनगरांच्या बऱ्याच भागांत वीज बंद ठेवावी लागली. वीज नाही म्हणजे इमारतीचा पंप नाही, आणि पंप नाही म्हणजे गच्चीवरची टाकी रिकामी.

या तिन्ही घटनांतून एकच गोष्ट दिसते. शहरातले पाणी धरण, शुद्धीकरण केंद्र, उपसा केंद्र, जलवाहिनी, तळटाकी, पंप आणि गच्चीवरची टाकी अशा साखळीने घरात येते. तिची एक कडी तुटली, तरी नळ आटतो. बाहेरून टँकर येण्यास दोन-तीन दिवस लागू शकतात. तेवढे दिवस घर स्वतःच्या पाण्यावर निभावू शकेल का, हे आधीच तपासून ठेवायला हवे.

किती पाणी लागेल?

आपत्तीच्या काळात पिणे, स्वयंपाक आणि अत्यावश्यक स्वच्छता मिळून माणशी रोज सुमारे १५ लिटर पाणी लागते, असे मदतकार्याचे आंतरराष्ट्रीय मान सांगते. त्यातले पिण्याचे सुमारे ३ लिटर. चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी १५ × ४ × ३ म्हणजे १८० लिटर पाणी हवे. म्हणजे झाकणाचे एक २०० लिटरचे पिंप पुरते. त्यातले पिण्याचे पाणी ३६ लिटर. ते मात्र स्वच्छ कळशी-हंड्यांत वेगळे, झाकून ठेवावे. भरलेल्या पिंपाचे वजन २०० किलोपेक्षा जास्त होते, म्हणून ते माळ्यावर न ठेवता जमिनीवरच ठेवावे. साठवलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा डास अंडी घालतो. तेव्हा झाकण घट्ट हवे, आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून, घासून, कोरडे करून पुन्हा भरायला हवे. काढलेले पाणी धुण्याला वापरता येते.

पाणी शुद्ध कसे करावे?

साठा संपला किंवा तळटाकीत पुराचे पाणी शिरले, तर मिळेल ते पाणी शुद्ध करून घ्यावे लागते. येथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी गढूळपणा घालवायचा, मग जंतू मारायचे.

गढूळ पाण्यातले मातीचे सूक्ष्म कण ऋणभारित असतात. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तळाशी बसत नाहीत. पाण्यात तुरटी फिरवली की तिच्यातले ॲल्युमिनियमचे धनभारित आयन हा भार नाहीसा करतात. कण एकत्र येतात, त्यांचे पुंजके बनतात आणि गाळ खाली बसतो. वरचे निवळ पाणी कापडाच्या चार पदरी घडीतून गाळून घ्यावे. मात्र पाणी निवळ दिसले म्हणजे ते निर्जंतुक झाले असे नव्हे. निवळ पाण्यातूनही कॉलरा, विषमज्वर आणि कावीळ होऊ शकते.

जंतू मारण्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरता येते. ग्रामपंचायतीत हिलाच टीसीएल पावडर म्हणतात. ती पाण्यात मिसळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसल्याने तो जंतूच्या पेशीत सहज शिरतो आणि तिची रासायनिक यंत्रणा मोडून टाकतो. पण हे आम्ल चिखल व सेंद्रिय घाण यांच्यावरही खर्च होते. म्हणून तर आधी गाळणे आवश्यक.

ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. २० लिटर पाण्याला लागणारी पावडर इतकी थोडी असते, की ती घरी मोजताच येत नाही. त्यासाठी आधी द्रावण करावे. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम पावडर ढवळावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी गडद रंगाच्या बाटलीत घ्यावे. हे सुमारे एक टक्का क्लोरीनचे द्रावण झाले. त्याचा एक लहान चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, २० लिटर गाळलेल्या पाण्यात मिसळावा आणि अर्धा तास थांबावे. त्यानंतर पाण्याला क्लोरीनचा मंद वास यायला हवा. वास नसेल, तर सगळा क्लोरीन घाणीवर खर्च झाला असे समजून तेवढीच मात्रा पुन्हा एकदा द्यावी.

पावडरीचा डबा उघडा राहिला किंवा दमट जागी ठेवला, तर तिचा क्लोरीन उडून जातो. डब्यावर खरेदीची तारीख लिहावी आणि दर पावसाळ्याआधी नवी पावडर आणावी. ही पावडर संडास धुण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पाण्यात रॉकेल किंवा कारखान्यातले रसायन मिसळले असेल, तर ते क्लोरीनने जात नाही. ते पाणी पिऊच नये.

इंधन असेल तर पाणी खळखळून मिनिटभर उकळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. २५ अंश सेल्सियसचे एक लिटर पाणी १०० अंशांपर्यंत नेण्यास ७५ किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम स्वयंपाकाचा गॅस सुमारे ४६ किलोज्यूल देतो. त्यातली ६० टक्के भांड्यापर्यंत पोहोचते असे धरले, तर लिटरमागे ११ ते १२ ग्रॅम गॅस लागेल. चौघांचे तीन दिवसांचे पिण्याचे पाणी साधारण ४०० ग्रॅम गॅसमध्ये उकळून होते.

दहा मजल्यांचा जिना

पंप बंद असताना दहाव्या मजल्यावर, म्हणजे सुमारे ३० मीटर उंच, २० लिटर पाणी न्यायचे आहे. पाण्यावर होणारे कार्य २० × ९.८ × ३०, म्हणजे सुमारे ५,९०० ज्यूल. पण नेणाऱ्याचे वजन ६० किलो असेल, तर त्याला स्वतःलाही वर न्यावे लागते. तेव्हा एकूण कार्य चौपट होते. चौघांच्या घराला रोज ६० लिटर, म्हणजे अशा तीन खेपा. धडधाकट माणसाला हे जमेल. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना किंवा आजाऱ्यांना जमणार नाही. चाळीतल्या एका खोलीत पिंप ठेवायलाच जागा नसते. म्हणून ही तयारी घराबरोबरच इमारतीची आणि चाळीचीही असली पाहिजे. सामायिक पिंप कोठे असेल आणि कोणाकडे पाणी कोण पोहोचवील, हे आधी ठरलेले हवे.

वर्गात काय करता येईल?

प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरी पाणी कोणकोणत्या कड्यांतून येते याची आकृती काढावी आणि वीज गेल्यास कोठे खंड पडेल तेथे खूण करावी. घरातली भांडी मोजून एकूण किती लिटर पाणी मावते ते काढावे आणि त्याला माणसांच्या संख्येने व १५ ने भागावे. येणारा आकडा म्हणजे ते घर किती दिवस तग धरेल याचे उत्तर. तो तीनपेक्षा कमी आल्यास काय करायचे, हे मुलांनी घरच्यांशी बोलून ठरवावे. दोन बरण्यांत गढूळ पाणी घेऊन एकीत तुरटी फिरवण्याचा प्रयोग तर एका तासिकेत होतो. हे सारे जूनच्या पहिल्या आठवड्यात करून घेतले, तर पावसाळ्यापूर्वीच त्याचा उपयोग होईल.