पायचा ताळा

पॅरिसच्या 'पॅले द ला देकुव्हर्त' या विज्ञान संग्रहालयात एक गोल दालन आहे. त्याच्या घुमटावर मोठमोठे लाकडी अंक ओळीने बसवलेले आहेत : ३.१४१५९... हे दालन १९३७ साली सजले, तेव्हा तिथे पायचे, म्हणजे वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराचे, ७०७ दशांश अंक लावले होते. इंग्लंडमध्ये शाळा चालवणाऱ्या विल्यम शँक्स यांनी ते हाताने आकडेमोड करून काढले आणि १८७३ साली प्रसिद्ध केले. पुढची सत्तर वर्षे जगात याहून लांब 'पाय' कोणाकडे नव्हता.

१९४५च्या सुमारास डी. एफ. फर्ग्युसन यांनी वेगळे सूत्र घेऊन तेच गणित पुन्हा मांडले आणि ५२८व्या अंकापाशी दोन उत्तरे जुळेनात. चूक शँक्स यांची निघाली. पहिले ५२७ अंक अचूक, पुढचे १८० कुचकामी! १९४९ साली घुमटावरचे अंक बदलावे लागले.

शाळेत गणित सुटले की गुरुजी म्हणायचे, 'आता ताळा करून बघ.' भागाकार बरोबर आला का, ते गुणाकार करून पाहायचे. पण पायचा ताळा कशाशी करणार? पाय ही अपरिमेय संख्या आहे, हे योहान लांबर्ट यांनी अठराव्या शतकात सिद्ध केले. तिचे अंक संपत नाहीत आणि ठरावीक साखळीने पुन्हा पुन्हा येतही नाहीत. पुस्तकाच्या शेवटी उत्तर छापलेले नाही. म्हणून दुसऱ्या वाटेने जायचे आणि त्याच ठिकाणी पोहोचतो का ते बघायचे. संगणकाने पाय काढण्याची गोष्ट नेहमी वेगाची आणि विक्रमांची म्हणून सांगतात. माझ्या मते ती ताळ्याची गोष्ट आहे.

घुमटावरची चूक दुरुस्त झाली त्याच वर्षी अमेरिकेत पायचे गणित पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक संगणकावर चढले. एनिॲक हे खोलीभर पसरलेले यंत्र लष्करासाठी तोफगोळ्यांच्या मार्गाचे हिशेब करायचे. सप्टेंबरमधल्या सुट्टीत ते रिकामे राहणार होते, तेवढी संधी जॉर्ज राइटविझनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधली. यंत्राच्या स्मृतीत दहा-दहा अंकी जेमतेम वीस संख्या मावत. त्यामुळे मधली उत्तरे कार्डांवर भोके पाडून बाहेर काढायची आणि तीच कार्डे पुन्हा आत घालायची, असे पाळ्या लावून चालले. साधारण सत्तर तासांत २,०३७ अंक हाती आले. सूत्र मात्र जॉन मेचिन यांचे, म्हणजे १७०६ सालचे. शँक्स यांनीही तेच वापरले होते.

यंत्रे वेगवान होत गेली, पण नुसत्या वेगाने भागत नाही. हजार अंकी दोन संख्या शाळेतल्या रीतीने गुणायच्या, तर दहा लाख छोटे गुणाकार करावे लागतात. अंक दुप्पट झाले की काम चौपट होते. याहून सोपी रीत नसावी, असा थोर रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांचा अंदाज होता. १९६० साली मॉस्कोत त्यांनी तो व्याख्यानात मांडला आणि आठवड्याच्या आत अनातोली कारात्सुबा या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने तो खोटा ठरवला. पुढे फूरिये रूपांतर या गणिती तंत्राच्या आधारे याहूनही झटपट रीती निघाल्या. पायचे अब्जावधी अंक काढणे शक्य झाले, त्यात या गुणाकारांचा वाटा यंत्रांइतकाच आहे.

दुसरी मोठी झेप कुंभकोणमच्या घरात वाढलेल्या श्रीनिवास रामानुजन यांच्यामुळे मिळाली. १९१४ साली त्यांनी पायसाठी काही विलक्षण श्रेणी प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या एकीचे पहिलेच पद मोबाइलवर करून पाहा : दोनचे वर्गमूळ घ्या, त्याला २,२०६ने गुणा आणि आलेल्या उत्तराने ९,८०१ला भागा. ३.१४१५९२ पर्यंतचे अंक तिथल्या तिथे बरोबर येतात. पुढचे प्रत्येक पद सुमारे आठ नवे अंक देते.

१९८५ साली अमेरिकेत बिल गॉस्पर यांनी ही श्रेणी संगणकावर चालवून पावणेदोन कोटींच्या आसपास अंक काढले. गंमत अशी, की तोवर तिची सिद्धता कोणाकडेच नव्हती. मग एवढ्या अंकांवर भरवसा ठेवायचा कसा? तोक्योत यासुमासा कनादा यांच्या गटाने निराळ्या रीतीने काढलेले अंक होते, ते पडताळायला घेतले. दोन्ही जुळले! सूत्राने अंक दिले आणि अंकांनी सूत्राच्या बाजूने साक्ष दिली. रीतसर सिद्धता बोरवाइन बंधूंनी १९८७ साली दिली. त्याच सुमारास चुडनोव्हस्की बंधूंनी रामानुजन यांच्याच वळणाची श्रेणी शोधली. तिचे प्रत्येक पद चौदा अंक देते आणि आजचे विक्रम तिच्यावरच होतात.

एवढे अंक लागतात कोणाला? नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीला ग्रहांदरम्यान यान हाकायला दशांश चिन्हापुढचे पंधरा अंक पुरतात. पण १९८६ साली डेव्हिड बेली यांनी क्रे-२ या महासंगणकावर पाय काढला, तेव्हा त्या यंत्रातले एरवी लक्षात न येणारे दोष त्यातून उघडे पडले. कोट्यवधी पायऱ्यांच्या गणितात एक पायरी घसरली, तरी पुढचे सगळे बिघडते. शँक्स यांचा घात ज्या गुणाने केला, तोच इथे कामी आला. पायचा ताळा करता करता पायनेच यंत्राचा ताळा घेतला.

१९९५ साली बेली, पीटर बोरवाइन आणि सिमॉन प्लूफ यांचे सूत्र सापडले आणि ताळ्याला नवी वाट मिळाली. पाय दहाऐवजी सोळा अंकचिन्हांच्या, म्हणजे षोडशमान पद्धतीत लिहिला, तर आधीचे अंक न काढता हव्या त्या ठिकाणचा अंक थेट काढता येतो. लांबलचक गाडीच्या शेवटच्या डब्यात सरळ चढण्यासारखेच हे.

२०२२ साली गूगलच्या एमा हारुका इवाओ यांनी शंभर लाख कोटी अंक काढले. कोटीला कोटीने गुणा, तेवढे. सेकंदाला एक या गतीने ते नुसते वाचायचे म्हटले, तरी एकतीस लाखांहून जास्त वर्षे लागतील. यंत्र १५७ दिवस चालले. शेवटचे षोडशमान अंक थेट पोहोचवणाऱ्या सूत्राने पडताळले गेले. अशा गणितांसाठी अलेक्झांडर यी यांची 'वाय-क्रंचर' ही आज्ञावली वापरतात. ती मधल्या टप्प्यांवर संख्यांना एका मोठ्या मूळ संख्येने भागते आणि उरलेल्या बाक्या जुळतात का ते पाहते. जुन्या मराठी शाळांत पाटीवरचा गुणाकार तपासायला नवाचा ताळा घ्यायचे. अंकांची बेरीज करून नऊ टाकत जायचे आणि काय उरते ते बघायचे. तत्त्व तेच, फक्त नवाच्या जागी एकोणीस अंकी संख्या.

इवाओ यांच्या गणितातला शंभर लाख कोटीवा अंक शून्य निघाला. त्या शून्याखाली दोनदा रेघ ओढायला गुरुजींचीही हरकत नसावी.