आजींचं बोलणं यंत्राला कळावं

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला ज्यांचा जन्म भातलावणीत आणि हिरडा वेचण्यात गेला, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. मग घोडेगावच्या किंवा जुन्नरच्या सेवा केंद्रावर ‘थम लागत नाही’ एवढं ऐकून परत फिरावं लागतं. २०२३ पासून शेतकऱ्यांच्या पीएम-किसान योजनेची ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, ॲपवर चेहरा दाखवूनही करता येते. पण ते ॲप उघडायचं कसं? लेक चाकणला कामावर, नातवंडं पुण्यात. रांगेत तेच दुसऱ्यांदा विचारायला आजींना संकोच वाटतो.

आता असे प्रश्न फोनलाच बोलून विचारता येऊ लागले आहेत. समजा, आजी म्हणाल्या, ‘पैसं का न्हाई आलं?’ आधी या आवाजाची अक्षरं होतात. मग अफाट मजकूर वाचून घडलेलं भाषा-मॉडेल पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधत उत्तर जुळवतं. शेवटी त्याचा पुन्हा आवाज होतो. पीएम-किसानसाठी केंद्र सरकारचा ‘किसान ई-मित्र’ हा असाच बोलका मदतनीस २०२३ मध्ये सुरू झाला. तो मराठीतही उत्तरं देतो.

खरी कसोटी पहिल्याच पायरीवर लागते. जुन्नरजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अवकाशातून आलेला क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढतात. इथे थरथरता आवाज, पडलेले दात आणि ‘न्हाई’ यांतून अर्थ वेगळा काढायचा असतो. पुस्तकी मराठीवर शिकलेलं यंत्र तिथे अडतं. म्हणूनच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने ‘रेस्पिन’ प्रकल्पात मराठीसह ९ भाषांच्या बोलींचे आवाज जमवले. जुन्नर-आंबेगावच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणंही अशा साठ्यांत असायलाच हवं.

दुसरा धोका अंदाजाचा. चुकीचं उत्तरही मॉडेल तितक्याच ठामपणे देतं, आणि त्यापायी आजींची एसटीची फेरी अन् दिवसाचा रोज बुडतो. म्हणून उत्तर सरकारी नोंदीवरूनच यावं. नोंद सापडली नाही तर यंत्राने तसं सरळ सांगावं. ओटीपी मात्र कुणालाच सांगायचा नाही, फोनमधल्या गोड आवाजालाही नाही.

सुट्टीला आलेल्या नातवाने आजींशेजारी बसून एवढं शिकवावं: ‘सावकाश सांग, एका वेळी एकच गोष्ट सांग’ असं फोनला म्हणायचं. नाही समजलं तर दहाव्यांदा विचारायचं. तिथे मागे रांग नसते आणि पलीकडचं कुणी वैतागत नाही.