बारची पाटी आणि खानदेशचा इतिहास

जळगांव किंवा धुळें येथें नवा बार उघडूं पाहणारा गृहस्थ प्रथम नांवाच्या विचारांत पडतो. परक्या थाटाच्या नांवापेक्षां आपल्या मुलखाच्या इतिहासांतील एखादें नांव पाटीवर यावें, असें त्यास वाटतें. ही इच्छा वावगी नाहीं. मात्र इतिहासांतून नेमकें काय उचलावें, याचा विवेक हवा.

कांहीं वाटा कायद्यानेंच बंद केल्या आहेत. सन २०२२ मध्यें महाराष्ट्रांत दुकानें व आस्थापना यांविषयींच्या अधिनियमांत दुरुस्ती झाली. तदनुसार पाटीवर मराठी नांव देवनागरींत हवें व त्याचीं अक्षरें इतर लिपींतील अक्षरांपेक्षां लहान असूं नयेत. शिवाय जेथें मद्य विकलें जातें, त्या जागेस थोर पुरुषांचें, महनीय स्त्रियांचें अथवा गडकिल्ल्यांचें नांव देतां येत नाहीं. अर्थात् धुळ्यानजीकचा लळिंग व तापीकांठचा थाळनेर हे किल्ले वर्ज्य. आसोद्याच्या बहिणाबाईंचें नांव तर दूरच राहिलें.

मग उरतें काय? खानदेशच्या इतिहासांत नांव व मद्य यांची गांठ एके ठिकाणीं पडलेली आहे. इ. स. १६०१ मध्यें अशीरगड अकबराच्या हातीं येऊन फारुकी सुलतानांची राजवट संपली. बादशहानें हा मुलूख शहाजादा दानियाल याच्या हवालीं केला आणि त्याच्या नांवावरून त्यास ‘दानदेश’ म्हटलें. दानियालास मद्याचें व्यसन होतें. बापानें पहारे बसविले, तेव्हां सेवकांनीं बंदुकीच्या नळींत भरून मद्य आंत पोंचविलें, असें त्याचा वडील बंधु जहांगीर यानें आत्मचरित्रांत लिहिलें आहे. १६०५ च्या सुमारास, ऐन तिशींत, दानियाल बऱ्हाणपुरास मरण पावला. ‘दानदेश’ हें नांवहि मागें पडलें. लोकांच्या तोंडीं खानदेशच राहिला.

‘दानदेश’ हें नांव पाटीवर शोभेलहि; पण तें लावणाऱ्यानें ही सारी कथा सांगण्याची तयारी ठेवावी. शाही थाट तेवढा घेऊन शेवट लपविणें हें प्रामाणिकपणाचें नव्हे. ज्या घरची मिळकत अशा जागीं संपते, त्या घरच्या बाईलाहि ती पाटी येतां-जातां वाचावी लागते.

त्यापेक्षां सातपुड्यांतील ‘मोह’ बरा. त्या नांवांत झाड आहे, त्याच्या फुलांची दारू आहे आणि वाचणाऱ्यास इशाराहि आहे.