धान्याच्या कोठारात मुक्काम

बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत, पण किनारा म्हणावा असं काही नाही. तरीही आज समुद्रकाठच्या एका जुन्या इमारतीबद्दल लिहितोय, कारण तिचं एक लांबचं भावंडं आपल्या अलेम्बिक रोडवर उभं आहे.

आधी ती समुद्रकाठची. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या बंदरावर १९२४ मध्ये धान्याचं एक प्रचंड कोठार सुरू झालं. उंची ५७ मीटर. आत काँक्रीटच्या ४२ उभ्या नळ्या, त्यांत धान्य साठवायचं आणि बोटींवर चढवायचं. २००१ मध्ये ते बंद पडलं. पाडायचं तर खर्च, ठेवायचं तर उपयोग काय? शेवटी २०१७ मध्ये खाली आफ्रिकी कलेचं संग्रहालय आणि वरच्या मजल्यांवर २८ खोल्यांचं हॉटेल उघडलं. नावही तेच ठेवलं, 'द सायलो'.

खरी गंमत डिझायनर थॉमस हेदरविक यांच्यापुढच्या अडचणीत आहे. त्या नळ्यांना खिडक्या नव्हत्या, मजले नव्हते. माणसाने आत करायचं काय? त्यांनी मक्याचा एक दाणा घेतला, त्याचा आकार कित्येक पटींनी मोठा केला आणि त्या आकाराची पोकळी नळ्यांच्या मधोमध कापून काढली. उजेड आला, दालन झालं, आणि कापलेल्या नळ्यांच्या कडाही दिसत राहिल्या. जुन्या कोडमध्ये हात घालणाऱ्या आम्हा लोकांना या कामाची किंमत चटकन कळते. सगळं पुसून नव्याने लिहिणं नेहमीच सोपं वाटतं.

मुळात कारखाना आणि हॉटेल यांचं गणित उलटं असतं. कारखान्याला मोठा मोकळा गाळा आणि वरून उजेड लागतो. हॉटेलला प्रत्येक खोलीला खिडकी आणि न्हाणीघर लागतं, म्हणजे पाण्याच्या नळांचं जाळं आलं. रुंद इमारतीचा मधला भाग मग अंधारा राहतो. त्यात समुद्र. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांनी स्लॅबचे पापुद्रे सुटलेले पाहिले असतील. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये झिरपतं, आतली सळई गंजते, गंजलं की लोखंड फुगतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं. वरून रंग मारून हे थांबत नाही. ते काँक्रीट फोडून, सळई साफ करून पुन्हा भरावं लागतं. खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो, आणि तो फोटोत दिसत नाही.

आपल्याकडे फोर्ट कोचीत 'ब्रंटन बोटयार्ड' नावाचं हॉटेल आहे. जुन्या जहाजबांधणीच्या जागेवर, पण इमारत नवी, जुन्या धाटणीची. देखणं आहे, तरी माझ्या मते तो वेगळा प्रकार. उलट मुंबईचा ससून डॉक १८७५ पासूनचा, आणि तिथे अजूनही पहाटे मासळी उतरते. २०१७ मध्ये तिथल्या गोदामांत कलाप्रदर्शन भरलं तेव्हा मासळीचा वास आणि चित्रं दोन्ही एकत्र होती!

आता आपलं बडोदं. १८९० च्या कलाभवनाचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, त्यांचे सहकारी कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिकची सुरुवात केली. कोटीभास्कर हे मराठी नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? ग्लायकोडिनची बाटली मात्र सगळ्यांना माहीत. आणि येराचा ग्लास उलटा करून तळ बघा, तोही याच घरातला. त्या आवारातल्या काही जुन्या शेड्समध्ये आता 'स्पेस स्टुडिओ' आहे. कलाकार येऊन काम करतात, प्रदर्शनं भरतात. चांपानेरसाठी झटलेले करण ग्रोव्हर यांचा या कामात हात आहे. इथे हॉटेल नाही झालं याचं मला बरं वाटतं. प्रदर्शन असलं की आत जाता येतं, खोलीचं भाडं भरावं लागत नाही.

हे मला का खुपतं ते सांगतो. माझे आजोबा राजापूरहून येऊन परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आजोबा पुन्हा आत गेले नाहीत. बाबा नोकरीसाठी बडोद्याला आले आणि आम्ही इथलेच झालो. गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेला आणि घरांना मिळावा असा नियम १९९१ मध्ये आला. २००१ मध्ये तो फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. काही वर्षांपूर्वी बाबांना त्या भागातल्या एका मॉलमध्ये घेऊन गेलो. चिमणी छान राखली होती, खाली दिवे लावले होते. मला आवडली. बाबा तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "इथे काय चालायचं, ते कुठे लिहिलंच नाही रे."

अलेम्बिकमध्ये पाळी केलेले काका-आजोबा आपल्या मंडळात आहेत. गणपतीत भेटले की त्यांच्याशी बोला. कोणत्या खात्यात होतात, कोणत्या साली लागलात, रात्रपाळीला डब्यात काय असायचं, एवढं विचारा आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा.