ऑफिसातली बुरशी आणि कोरीटचे मामा

सोमवार सकाळ. कार्ड स्वाइप केलं, काचेचं दार उघडलं आणि पहिलं स्वागत केलं ते वासानं. ओले मोजे आणि जुनं गोणपाट यांचं मिक्स्चर! जुलै महिना, दोन दिवसांची सुट्टी आणि बाहेर पुण्याचा चिवट पाऊस. 'पावसाळ्यात एवढं चालायचंच, मॅडम,' म्हणत ॲडमिनवाल्यांनी रूम फ्रेशनरचे दोन फवारे मारले. झालं, आता कुबट प्लस लॅव्हेंडर!

तीन आठवडे हेच चाललं. माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीला दमा आहे. दुपारपर्यंत तिचा इनहेलर दोनदा बाहेर यायला लागला. शनिवार-रविवारी घरी ती एकदम ओके, सोमवारी ऑफिसात पुन्हा खोकला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आणि मी फोन लावला तो थेट कोरीटला, मामांना.

मिरचीवाल्याचं नाक

कोरीट म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं माझं आजोळ. नंदुरबार म्हटलं की मिरची! बाजारात आलेली ओली लाल मिरची मोकळ्या मैदानांवर वाळत घालतात, त्याला तिकडे 'पथारी' म्हणतात. लांबून बघाल तर जमिनीवर लाल गालिचाच अंथरलाय असं वाटेल. मामांनी शेती सांभाळून कितीतरी सीझन अशा पथारीवर काढलेत. अवकाळी पाऊस आला की त्यांची झोप उडते. कारण भिजलेली मिरची वेळेत सुकली नाही की काळी पडते, बुरशी धरते आणि भाव कोसळतो. मिरचीवर वाढणारी एक बुरशी अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. त्यातल्या सर्वांत घातक प्रकाराला युरोपात मिरचीच्या किलोमागे फक्त ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. ऑफिसच्या भिंतीवरची बुरशी वेगळी, तिचा त्रास वेगळा. पण दोघींची भूक एकच, ती म्हणजे ओल.

माझी सगळी कहाणी ऐकून मामा अहिराणीत एवढंच म्हणाले, 'पह्यले देख, पानी कथाईन यी ऱ्हायनं!' म्हणजे, आधी बघ, पाणी येतंय कुठून.

छताच्या वर दडलेला पाहुणा

बघितलं. मीटिंग रूमच्या फॉल्स सीलिंगवर चहाच्या कपासारखा तपकिरी गोल डाग होता. टाइल काढली तर वर काळी-हिरवी मखमल! वरच्या मजल्यावरच्या पँट्रीचा पाइप थेंबथेंब गळत होता. त्यात शुक्रवारी रात्री बंद झालेला एसी सोमवारीच सुरू व्हायचा. मधल्या दोन दिवसांत बंद हॉलमधली दमट हवा जागच्या जागी.

बुरशीचे बीजाणू हवेत नेहमीच असतात. ते कुणालाच हाकलता येत नाहीत. त्यांना खायला कागद, प्लायवूड, जिप्सम बोर्ड, नुसती धूळही चालते. कमी असते ती फक्त पाण्याची, आणि ते आपण पुरवतो. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत कोरडी झाली तर बुरशी बहुतेक वेळा धरतच नाही. म्हणजे आमचा एक वीकएंड पुरेसा होता! जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच सांगितलंय, की दमट, बुरशी आलेल्या इमारतींत श्वसनाचे विकार आणि दमा बळावतो. त्यामुळे माझी मैत्रीण 'नाटकं' करत नव्हती.

बॉसचा प्रश्न अपेक्षितच होता : 'रंग मारून भागणार नाही का?' नाही भागत. ओल आत तशीच राहते आणि महिन्याभरात रंग फुगतो. मी मामांचं गणित सांगितलं : एक ओलं पोतं वेळेत बाजूला काढलं नाही, तर अख्खी थप्पी जाते. सोबत मैत्रिणीच्या सिक लीव्हचा हिशेबही ठेवला. दोन दिवस तो हॉल बंद झाला. पाइप दुरुस्त झाला, टाइल्स आणि कुजका कार्पेट फेकला गेला. पुढच्या सोमवारी वास नव्हता. आणि इनहेलर दिवसभर पर्समध्येच राहिला.

तुमच्या ऑफिससाठी चेकलिस्ट

* मे महिन्यातच गच्ची, खिडक्यांच्या फटी आणि एसीचा ड्रेन पाइप तपासून घ्या.
* पावसाळ्यातल्या सुट्टीत एसी डीह्युमिडिफाय मोडवर थोडा वेळ चालू ठेवा. आर्द्रता ६० टक्क्यांखाली हवी. ती मोजणारं छोटं मीटर स्वस्तात मिळतं.
* फायली आणि खोकी जमिनीवर, भिंतीला चिकटवून ठेवू नका. मिरचीची पोतीही कुणी तशी ठेवत नाही!
* साधारण १० चौरस फुटांपर्यंतचा डाग टाइल किंवा काचेवर असेल, तर एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं पुसा, लगेच कोरडा करा. त्याहून मोठा असेल तर प्रोफेशनल बोलवा.
* कार्पेट, जिप्सम, सीलिंग टाइल्सवर बुरशी आली तर माया करू नका, टाकून द्या.
* साफसफाई चालू असताना त्या भागातला एसी बंद ठेवा, नाहीतर बीजाणू ऑफिसभर फिरतील.
* डागाचे फोटो काढून तारखेसह ॲडमिनला लेखी मेल करा. तोंडी तक्रार पावसासारखीच वाहून जाते.

परवा मामांचा फोन होता. 'सुकलं का तुझं ऑफिस?' सुकलं, मामा. आता दर शुक्रवारी निघताना मीच एकदा छताकडे बघून घेते.